‘का’ हा प्रश्न शेवटी विचार

पोरी, तुझ्या प्रबंधासाठीची प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न आहे, ‘आपण पक्षाचं काम का करता?’ आणि मध्ये कुठंतरी, ‘आपण पक्षाला देणगी का देता?’ दोन्ही तिथून उचल आणि पार तळाला टाक. विचारायचे आहेत, पण शेवटी, चहा झाल्यावर, उठता उठता. आधी विचारलेस तर माणूस जे पहिलं उत्तर देईल त्यालाच धरून बसेल आणि पुढची सगळी मुलाखत त्या उत्तराची राखण करण्यात जाईल.

आपल्याकडचा कार्यकर्ता बोलण्यात तयार असतो. कोपरा सभेत आभार मानून, मेळाव्यात प्रास्ताविक करून त्याची जीभ वळलेली असते. तू वही उघडलीस की तो म्हणणार, ‘समाजसेवेची पहिल्यापासून आवड’ किंवा ‘साहेबांचे विचार पटले’. यात खोटं काही नाही. पण हेच वाक्य तो पत्रकाराला सांगतो, पाहुण्यांना सांगतो, तिकीट मागायला गेल्यावर मुलाखतीतही सांगतो. तुला ते मिळवण्यासाठी एसटीचा प्रवास करायची गरज नाही, घरबसल्या लिहिता येईल.

मग काय विचारायचं? पहिला दिवस विचार. ‘सगळ्यात पहिल्यांदा कुठल्या कामाला गेलात? कोण घ्यायला आलं होतं? गाडी कोणाची? दुपारी जेवलात कुठं? घरी परत आल्यावर कोण काय म्हणालं?’ असल्या साध्या प्रश्नांना भाषण पाठ नसतं, त्यामुळे माणूस खरोखर आठवायला लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात असा एक जण भेटला होता. ऊस लावणारा, पन्नाशी उलटलेला. आधी त्याने मला विचारसरणी सांगितली, मग देशाची परिस्थिती सांगितली. पहिला दिवस विचारल्यावर थांबला. मग म्हणाला, मामेभाऊ पहाटेच दारात आला, म्हणाला बूथवर बसायला एक माणूस कमी पडतोय, चल. पोलिंग एजंटचा तो नमुना १० चा कागद त्याच्या हातात दिला आणि केंद्रावर नेऊन बसवला. याने दिवसभर मतदार यादीवर खुणा केल्या. कोण आलं, कोण राहिलं, कुणाच्या घरी माणूस पाठवायला हवा, सगळं यादीवर. संध्याकाळी पेटी सील झाली तेव्हा त्याने सही केली. बाहेर आल्यावर उमेदवाराने गर्दीतून त्याला नावाने हाक मारली. हे सांगताना त्याने तो आवाज काढून दाखवला. ‘तोवर मला गावाबाहेरचं कोणी नावाने ओळखत नव्हतं,’ म्हणाला. विचारसरणी त्याच्याकडे आज आहे, पक्की आहे, तिच्यासाठी त्याने नुकसानही सोसलंय. पण ती आली त्या दिवसानंतर. आधी मामेभाऊ आला.

हे एकट्या त्याचं नाही. झिआड मन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांचा अभ्यास २००८ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याला असे कितीतरी लोक भेटले की जे चळवळीत आधी ओळखीपाळखीने गेले आणि मत पुढे काम करता करता पक्कं झालं. मत आधी आणि कृती नंतर, हा क्रम आपण गृहीत धरतो, तो प्रत्यक्ष माणसांत गेल्यावर बऱ्याचदा उलटा निघतो. म्हणून माझा कानमंत्र एकच समज, बाकी सगळे त्याचे फाटे आहेत: प्रेरणा ही आधीपासून मनात तयार असलेली गोष्ट आहे असं धरून निघू नकोस. ती कोणाच्या तरी हाकेने सुरू होते, कामात घडते आणि काळाने बदलते. तुला ती वाट शोधायची आहे.

सिडनी व्हर्बा, के श्लॉझमन आणि हेन्री ब्रेडी या तिघांचं १९९५ चं पुस्तक तुझ्या वाचनाच्या यादीत आहेच. त्यांनी प्रश्न उलटा केला: लोक भाग का घेत नाहीत? उत्तरं तीन. जमत नाही म्हणून, इच्छा नाही म्हणून, आणि कोणी बोलावलंच नाही म्हणून. यातलं तिसरं कारण आपल्या गावात सोन्यासारखं वापर. कार्यकर्त्याला विचारतेस तसं त्याच्या शेजाऱ्यालाही विचार, की तुम्हाला कोणी बोलावलं होतं का. माळावरच्या वस्तीला, भाड्याने राहणाऱ्यांना, नव्याने नांदायला आलेल्या सुनांना बऱ्याचदा कोणी बोलावलेलंच नसतं. मग आपण लिहितो की त्यांना राजकारणात रस नाही.

तुलनेला माणसं हवीतच. डग मॅकॲडमचा अभ्यास यासाठी मला फार मोलाचा वाटतो. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करायला गेले. जीव धोक्यात होता, तिघांचा खून झाला. मॅकॲडमला त्यांचे मूळ अर्ज मिळाले, आणि त्यांत गेलेल्यांचे होते तसे ऐनवेळी न गेलेल्यांचेही होते. दोन्ही गटांच्या श्रद्धेत, तळमळीत फारसा फरक नव्हता. फरक होता ओळखींचा: जाणाऱ्यांचे जवळचे मित्रही जाणार होते आणि ते आधीपासून कुठल्या ना कुठल्या संघटनेत होते. नुसत्या जाणाऱ्यांना विचारलं असतं तर सगळ्यांनी तळमळच सांगितली असती. तू जिथं जाशील तिथं एक काम कर. पहिल्या वर्षीच्या सभेचा, नोंदणीचा, शिबिराचा जुना फोटो किंवा यादी मिळव आणि त्यातले आज कुठं दिसत नाहीत त्यांच्या घरी जा. सोडून गेलेला माणूस कमी सजवून बोलतो.

आता पैशाचं. इथं मी जरा रेंगाळणार, कारण तुम्ही मुलं देणगी म्हटलं की थेट निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जाता. तिथं छोटा देणगीदार सापडणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-सी कलमाप्रमाणे पक्षाला आयोगाकडे नावं द्यावी लागतात ती एका वर्षात २०,००० रुपयांच्या वर देणाऱ्यांची. २०१७ पासून दोन हजारांच्या वर रोख घेता येत नाही. २०१८ साली आलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले, पण तोही मोठ्या रकमांचा विषय. गावातल्या माणसाने दिलेले पन्नास-शंभर रुपये या कुठल्याच कागदात नाहीत. ते पावतीपुस्तकात आहेत.

वर्गणीची पावती कधी नीट वाचली आहेस का? वर मंडळाचं किंवा संघटनेचं नाव, मग अनुक्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव, अक्षरी रुपये, घेणाऱ्याची सही. आणि एका ओळीत ‘हस्ते’, म्हणजे पैसे कोणाच्या हातून आले ते. पावती फाडून देतात, स्थळप्रत पुस्तकात राहते. एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत अशी पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली होती. आम्ही ओसरीवर बसून ती चाळली. एका गल्लीत पहिली पावती ५१ रुपयांची, तर पुढच्या सगळ्या ५१ च्या. पुढच्या गल्लीत पहिल्याने १०१ दिले आणि मग ५१ द्यायला कोणी धजलं नाही. पुढे एका ठिकाणी अचानक ११ रुपयांच्या पावत्यांची रांग. तिथं ‘हस्ते’ बदललं होतं, शाळेतले शिक्षक गेले होते. रक्कम लहान, पण ज्या घरांतून कधीच काही येत नसे तीही घरं आली होती. काही पावत्यांवर नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचं आणि ‘हस्ते’ बाईचं. म्हणजे निर्णय कोणी घेतला, पैसे कुठल्या डब्यातून निघाले, हा प्रश्न तिथं उघडला. असं पुस्तक हाती आलं की सरासरी काढायला बसू नकोस. क्रम वाच. कोणानंतर कोणी दिलं, कोण गेल्यावर दिलं, ते वाच. मग त्या ‘हस्ते’वाल्याला गाठ आणि विचार, की कुठल्या दारात आधी गेलात, का गेलात, आणि कुठलं दार टाळलंत.

हल्ली वर्गणी फोनवरून जाते. क्यूआर कोडचा फलक लावतात. तिथं ‘हस्ते’ नाही, पण निरोप आहे. लिंक कुठल्या गटावर आली, कोणी पाठवली, त्याखाली पहिला ‘मीही दिले’ म्हणणारा कोण, हे माणसाला फोन काढून दाखवायला सांग. मनातून आठवायला सांगू नकोस.

सरासरीच्या बाबतीत एक जुनी गोष्ट ध्यानात ठेव. १९२१ सालच्या बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे असा कार्यक्रम घेतला. पैशाचा आकडा गाठला. सभासदाची वर्षाची वर्गणी चार आणे. फंडात बायकांनी अंगावरचे दागिने दिले, आणि त्याच फंडात आर्देशीर गोदरेज यांनी ३ लाख रुपये दिले. या सगळ्यांची बेरीज करून माणशी किती, असं काढलंस तर हाती काय येईल? चार आणे देणारा, बांगडी काढून देणारी आणि तीन लाख देणारा, तिघांना तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. बांगडी देणारीला तर सगळ्यात जास्त, कारण स्वतःच्या नावावर असलेली तेवढीच वस्तू तिने दिली होती.

आणि त्याच्याही आधी आपल्याकडे पैसा फंड होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून तो उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा मागण्यात मोठं शहाणपण होतं. ज्याला नाही म्हणायला कारण नाही इतकी रक्कम मागायची, आणि देणाऱ्याला बोट दाखवायला कारखाना द्यायचा. तुझ्या देणगीदारांना विचार: तुमच्या पैशाचं काय झालं हे तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलंत का? पाहिलेल्याने दुसऱ्यांदा दिलं का? दुसरी देणगी पहिलीपेक्षा जास्त बोलते. पहिली भिडेखातर जाऊ शकते, दुसऱ्यांदा माणूस विचार करतो.

देताना कोण बघतंय, हेही टिपून ठेव. मंडळाच्या फलकावर नाव आणि रक्कम खडूने लिहितात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची गुरुदक्षिणा ध्वजापुढे बंद पाकिटात ठेवतात, शेजाऱ्याने किती ठेवलं ते शेजाऱ्याला कळत नाही. डाव्या पक्षांत सभासदाच्या उत्पन्नावर लेव्ही ठरते, तिथं इच्छेपेक्षा शिस्त पाहिली जाते. आम आदमी पक्ष सुरुवातीच्या वर्षांत देणगीदारांची यादी संकेतस्थळावर ठेवत असे. चारही ठिकाणी पैसा गोळा होतो, पण चारही ठिकाणचा माणूस वेगळ्या कारणाने खिशात हात घालतो. कोणाला नाव हवं असतं, कोणाला नाव नसणंच बरं वाटतं, कोणाला आपण नियम पाळला याचं समाधान असतं. एकच प्रश्नावली घेऊन चारही ठिकाणी फिरशील तर हे हातून निसटेल.

सरकारी नोकरांना विसरू नकोस. आचारनियमांमुळे त्यांना पक्षात जाता येत नाही, पण म्हणून ते बाहेर नसतात. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कांशीराम नोकरीला होते. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, दिनाभाना नावाच्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि तिथून कांशीरामांची वाट बदलली. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ ही संघटना उभी राहिली ती शिकलेल्या, नोकरीत असलेल्या माणसांवर. त्यांच्याकडे मागणी होती बुद्धीची, वेळेची आणि पैशाची, आणि मागण्याचं कारण एकच: समाजाने तुम्हाला इथवर आणलं, आता परत करा. आंबेडकरी वस्तीत आजही तुला हे ऐकू येईल. तिथं ‘मला काय मिळतं’ या चौकटीचे प्रश्न घेऊन गेलीस तर लोक नम्रपणे उत्तर देतील आणि तुला काहीही कळणार नाही. आधी देणं विचार, घेणं नंतर.

आता तुझ्या त्या तीन खान्यांविषयी. क्लार्क आणि विल्सन यांनी १९६१ साली संघटनेत माणसं कशामुळे राहतात ते तीन प्रकारांत मांडलं: हाती पडणारा लाभ, सोबतीचं सुख, आणि ध्येयाचं समाधान. मांडणी उत्तम आहे. पण फॉर्मवर तीन चौकोन काढून ‘योग्य तिथे खूण करा’ असं करू नकोस. आपल्या माणसात तिन्ही एकाच वेळी असतात आणि वर्षागणिक त्यांचा तोल बदलतो. विशीत मित्रांसाठी आलेला पोरगा तिशीत दाखल्यांची, दवाखान्याची कामं करून देत वस्तीत वट कमावतो, चाळिशीत त्याला नगरसेवकपदाचं तिकीट हवं असतं, आणि पन्नाशीत तिकीट दुसऱ्याला गेल्यावरही तो सतरंज्या उचलायला येतो. त्या शेवटच्या वेळी तो का येतो, हे मला तुझ्या प्रबंधात वाचायचं आहे. लाभ संपल्यावर जे उरतं ते सांगायला भाषा त्याच्याकडेही कमी असते. तिथं घाई करू नकोस, गप्प बसून राहा.

ऊसपट्ट्यात गेलीस तर मॅन्कर ऑल्सनचं १९६५ चं कोडं तुला प्रत्यक्ष दिसेल. आंदोलनाने उसाची पहिली उचल वाढली तर ती रस्त्यावर बसलेल्याला जेवढी मिळते तेवढीच घरी बसलेल्याला. मग केसेस अंगावर घेऊन, उभा ऊस तोडीवाचून ठेवून माणूस रस्त्यावर का बसतो? चाकणला १९८० साली कांद्यासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे शेतकरी उतरला, १९८६ ला चांदवडला शेतकरी बायका लोटल्या, २००९ ला हातकणंगल्यातून राजू शेट्टी लोकसभेवर गेले तेव्हा शेतकऱ्यांनी मताबरोबर नोटही दिली. नुसत्या दराच्या हिशेबाने हे सुटत नाही, आणि दर बाजूला ठेवूनही सुटत नाही. शेतकरी संघटनेचा बिल्ला ज्यांनी लावला त्यांच्याशी बोल. बरेच जण दराआधी हे सांगतील की बाजार समितीत आडत्यासमोर मान वर करून उभं राहता आलं. पैसा आणि मान हे दोन खाने आपण कागदावर करतो, त्यांच्यासाठी रास्त भाव हाच मान होता.

कार्यकर्त्याच्या पुढच्या पायऱ्या कुठं आहेत तेही समजून घे, नाहीतर त्याची निराशा तुला स्वभाव वाटेल. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, या त्याच्या पायऱ्या. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. त्या काळात ज्याने खिशातून बॅनर लावले, दहीहंडीला वर्गणी दिली, आरोग्य शिबिरं घेतली आणि निवडणूकच झाली नाही, त्याला शोध. त्यातच २०२२ ला शिवसेना फुटली आणि २०२३ ला राष्ट्रवादी. एकाच शाखेतले, एकाच ताटात जेवलेले दोघे दोन बाजूंना गेले. त्यांना कधी एकत्र बसवून विचारू नकोस, आणि ‘तुम्ही फुटलात का’ असं तर अजिबात नाही. ‘त्या आठवड्यात तुम्हाला पहिला फोन कोणाचा आला?’ एवढं विचार. पुन्हा हाकेवरच येशील.

बायकांसाठी वेगळा वेळ ठेव. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे किती तरी जणी अर्ज भरायच्या दिवशी राजकारणात आल्या. नवऱ्यासमोर घेतलेली मुलाखत नवऱ्याची असते. बचतगटाच्या बैठकीनंतर, दळणाच्या वेळी, तिच्या सोयीने जा. आणि पुरुष कार्यकर्ता असला तरी त्याच्या घरातल्या बाईशी बोल. तो बाहेर असतो तेव्हा दुकान कोण बघतं, जनावरांचं कोण करतं, रात्री बाराला आलेल्या दहा जणांचा स्वयंपाक कोण करतं? ‘स्वयंसेवा’ म्हणून आपण जी मोजतो तिच्यातला निम्मा वाटा घरातल्या या बायकांचा असतो आणि तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुझ्या तक्त्यात तो यायला हवा. याबाबतीत मी आग्रही आहे.

रोजाने आलेल्या माणसांना तुच्छ लेखू नकोस. सभेला, पदयात्रेला मजुरीवर माणसं येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘आजचं काय ठरलंय?’ हे शेतमजुरीचा दर विचारावा तितक्या सहज विचार, ते सांगतात. मग विचार, दुसऱ्या पक्षानेही एवढेच दिले असते तर गेला असतात का. काही जण जातील म्हणतात, काही जण ठाम नाही म्हणतात. पैसे घेतले म्हणजे मत नाही असं ठरवणारे आपण कोण?

वेळेचं सांगतो. एकदाच गेलीस तर अर्धंच कळेल. निकालाने आठवण बदलते: जिंकल्यावर सगळे म्हणतात आम्हाला खात्रीच होती, हरल्यावर म्हणतात मी आधीच सांगत होतो. प्रचारात जा, निकालानंतर महिन्याने जा, आणि मग वर्षाने, काहीही चालू नसताना जा. प्रचारात मुलाखत मागू नकोस, कोणाला वेळ नसतो. बरोबर काम कर. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतराबाहेर पक्षाचं टेबल आणि दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथं उन्हात बाजूला उभी राहा आणि स्लिपा वाटणाऱ्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्याला काय म्हणतो ते ऐक. बरीच उत्तरं तिथंच मिळतील. हरलेल्या उमेदवाराच्या माणसांकडे आधी जा, जिंकलेल्यांकडे गर्दी असते. जुन्या आंदोलनांविषयी विचारशील तेव्हा अधिक जपून. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला आपण होतो असं सांगणारा भेटला तर अविश्वास दाखवू नकोस, पण ‘तिथं पोचलात कसे, बरोबर कोण, परत कसे आलात’ हे विचार. जो होता तो रस्ते सांगतो.

आणि सगळ्यात कडक नियम. तुझी वही आपल्या दोघांखेरीज कोणाच्याही हाती जाता कामा नये. आमदार प्रेमाने विचारतील, ‘आमची पोरं काय म्हणाली?’ तालुकाध्यक्ष म्हणतील, ‘आम्हीच तुम्हाला पाठवलं, एवढं तर सांगा.’ हसून चहा पी आणि एक शब्दही सांगू नकोस. नावं वहीत लिहायचीच नाहीत, खुणेचे आकडे लिहायचे आणि आकड्यांची यादी घरी, वेगळ्या कपाटात. गावाचं नाव प्रबंधात बदललंस तरी हुद्दा आणि जात एकत्र लिहिलीस की माणूस ओळखू येतो, तेही तोडून लिही. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही. ‘हे लिहू नका’ म्हटलं की पेन खाली ठेवायचं आणि नंतर आठवून लिहायचंही नाही. नेत्याविषयी एक वाक्य बाहेर फुटलं तर तुझी पदवी वाचेल, पण त्या पोराची वाट बंद होईल. त्याला तिथंच राहायचं असतं.

तर उद्या प्रश्नावली नव्याने लिही. पहिला दिवस, हाक, गाडी, जेवण, घर, खर्च, दुसरी वेळ, सोडून जाणं, परत येणं, आणि सगळ्यात शेवटी ‘का’. सुरुवात आपल्याच तालुक्यातून कर, बोली तुझी आहे. पहिल्या काही मुलाखती झाल्या की नावांची यादी घरी ठेवून नुसत्या वह्या घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू.